बाबा खरा की भोंदू? कायदा श्रद्धा नाही, कृती तपासतो

'बाबा मनातलं ओळखतात' असा व्हिडीओ नागपुरात फिरतो, तसाच जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीतही पोहोचतो. मग विश्वास कशावर ठेवायचा?

जानेवारी २०२३ मध्ये बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री नागपुरात आले. तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले श्याम मानव यांनी त्यांना आव्हान दिलं : आमच्यासमोर दिव्यशक्ती सिद्ध करा, ३० लाख रुपये घ्या. नागपुरात ती चाचणी झालीच नाही. पुढे पोलिसांनी व्हिडीओ तपासले आणि त्यात गुन्हा दिसत नसल्याचं सांगितलं.

म्हणजे शक्ती सिद्ध झाली का? नाही. पोलिसांनी फक्त कायदा मोडला का, एवढंच पाहिलं.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वारी, कीर्तन, प्रवचनाला हात लावत नाही. मात्र चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, भूत उतरवण्यासाठी मारहाण, साप चावलेल्याला उपचारांपासून रोखणं हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं.

बाबाची पारख करायची खूणही यातच आहे. तो भीती घालून पैसे मागतो का? 'कुणाला सांगू नका', 'दवाखान्यात जाऊ नका' म्हणतो का? तसं असेल, तर नमस्कार करण्याआधी पोलीस ठाणं गाठा.