वाचलेल्यांची भाकरी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आम्ही पोरे रात्री फार उशिरा परतलो आणि दार वाजवून घरच्यांची बोलणी खाण्यापेक्षा मारुतीच्या पारावरच आडवे झालो. पहाटे चाराला काही मिनिटे कमी असताना किल्लारी परिसरातली जमीन हलली. मी वाचलो तो असा, आईची बोलणी टाळण्याच्या नादात.

आमचे घर बापजाद्यांचे. मातीत रचलेल्या दगडांच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते मातीचे ओझेच घरोघर निजलेल्यांच्या अंगावर आले. लातूर आणि धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांत माझी आजी होती आणि चौदा वर्षांची बहीण होती. वडील आधीच वारले होते. आईला आम्ही दुपारी बाहेर काढले. तिच्या अंगावर एक तुळई तिरकी अडकली होती, तेवढीच काय ती पोकळी. तिचा पाय मोडला होता.

पुढे भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोले, ‘देवानं वाचवलं बघा तुम्हाला.’ आई माळकरी, पंढरीची वारी करणारी. ती मान डोलावील असे लोकांना वाटे. एकदा मात्र ती भडकली. म्हणाली, ‘देवानं मला वाचवलं म्हणता, मग माझ्या लेकीला काय त्यानं टाकून दिलं व्हय?’ त्यानंतर आमच्या शेडमध्ये हे वाक्य कुणी उच्चारले नाही.

संकटातून वाचलेल्या माणसाने देवाचे ऋण फेडायला गोरगरिबांची सेवा सुरू केली, अशा कथा आपल्याला आवडतात. मलाही आवडत असत. पण या हिशेबात एक क्रूरपणा लपलेला आहे. मला विशेष कामासाठी राखून ठेवले असेल, तर शेजारच्या घरातली चार लेकरे बिनकामाची होती, असा त्याचा अर्थ होतो. त्या दिवसांत हा सगळा देवाचा कोप आहे असेही कुणी कुणी सांगत होते. १९९२ च्या ऑक्टोबरातही धक्के बसले होते. घाबरलेली माणसे काही दिवस बाहेर झोपली आणि पुन्हा माळवदाखाली परतली. भिंतींतले दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते आणि वर मातीचा भार होता. त्यात पापपुण्य कुठे आले?

मग आईने पुढे जे केले, ते कशातून आले? माझ्या मते, ते घेण्यातून आले.

पायासाठी तिला सोलापूरच्या एका दवाखान्यात ठेवले होते. व्हरांड्यात आमच्यासारखे कितीतरी नातेवाईक बसून असत. तिथे एक बाई रोज दुपारी पिठले-भाकरीची पाटी घेऊन येई. गाव, जात, कितीजण गेले, यातले काही विचारीत नसे. ‘तिखट चालतंय का?’ एवढेच विचारी आणि समोर बसून वाढी. आम्ही गावी परतलो तेव्हा मदतीचे ट्रक येत होते. वरून कपड्यांची गाठोडी फेकली जात. चिखलात कोट पडलेले, एकेकट्या उंच टाचांच्या चपला पडलेल्या. एका मंडळाने आम्हाला कापडी फलकापुढे ओळीने उभे केले आणि फोटो काढून झाल्यावर ब्लँकेटे दिली. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आज मान्य करतो. त्या मदतीवरच आम्ही जगलो. पण आईने फेकलेली वस्तू कधी उचलली नाही. कुबडी टेकीत ती ट्रकच्या फळीपाशी जाई आणि हात पुढे करून म्हणे, ‘हातात द्या.’

पत्र्याच्या शेडमधली वर्षे सरली. बावन्न गावे नव्या जागी वसली, त्यांत आमचेही. रुंद रस्ते, एका ओळीतली घरे. पहिल्याच हंगामात गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, पाचटाच्या खोपटात तान्ही पोरे. आई रोज तिन्हीसांजेला पंधरा-वीस भाकरी घेऊन तिकडे जाऊ लागली. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. घरात ज्वारी मोजून आणावी लागे, म्हणून मी कुरकुर केली. ती म्हणाली, ‘सोलापूरच्या बाईनं मोजून आणली होती का?’

मी स्वतः देवाच्या बाबतीत उंबऱ्यावर बसलेला माणूस आहे, आतही नाही आणि बाहेरही नाही. तरी हे कबूल केले पाहिजे की आईच्या सेवेला वळण दिले ते तिच्या वारीनेच. वारीत माणसे एकमेकांच्या पाया पडतात. पंगतीत बसलेल्याला तू कोण, असे कुणी विचारत नाही. कोपीतल्या पोरसवदा बाईलाही आई ‘माउली’ म्हणे, आणि भाकरी हातात देताना वाकून देई. पांडुरंगाशी तिचे भांडण मिटले होते का, हे मला ठाऊक नाही. त्यानंतरही ती पंढरपूरला गेली. तिथे तिने काय मागितले ते कधी सांगितले नाही.

अशी ती एकटीच नव्हती. भूकंपानंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना घरबांधणीच्या कामात उतरवले होते. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिकडे गेल्या. भाषा परकी, मुलूख परका. पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईजवळ जाऊन ‘आमचंही असंच पडलं होतं’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता. तो कुठल्याही ट्रकमध्ये भरून पाठवता येत नाही.

आईची एक गोष्ट मला उशिरा कळली. टोळीतली एक बाई दुसऱ्या हंगामात परत आली ती उसाच्या वाढ्यांचा मोठा भारा घेऊन. ‘तुमच्या शेळीला,’ म्हणाली. मी म्हणणार होतो की राहू दे, तुमच्याच बैलांना घाला. आईने डोळ्यांनी मला गप्प केले. भारा दोन्ही हातांनी घेतला, शेळीपुढे टाकला, आणि त्या बाईला ओट्यावर बसवून तिच्या गावाकडे यंदा पाऊस कसा झाला ते विचारू लागली.