‘फॉल इन’चा अर्थ आम्हाला कोणी शिकवला?

मागच्या महिन्यात इंग्रजीच्या तासाला चाळीस फ्रेझल व्हर्ब्जची यादी मिळाली. आठवड्याने चाचणी झाली आणि मला वीसपैकी अकरा गुण पडले. ‘गिव्ह इन’ म्हणजे हार मानणे, मी लिहिलं होतं ‘आत देणे’. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, मी लिहिलं होतं ‘सोबत वर ठेवणे’. वर्गात ते वाचून दाखवलं गेलं. सगळे हसले, मीही हसलो.

त्याच संध्याकाळी खेळ संपल्यावर ड्यूटी कॅडेटने ‘फॉल इन’ म्हणून आवाज दिला आणि अर्ध्या मिनिटात सगळे तीन रांगांत उभे. चाचणीत पाच गुण मिळालेलाही त्यात होता. शब्दाला शब्द लावला तर ‘फॉल इन’ म्हणजे ‘आत पडा’. पण सहावीत आलो त्या पहिल्या दिवशीसुद्धा आमच्यातला कोणी पडला नाही. पुढचा जिथे धावला तिथे आम्हीही धावलो. अर्थ पायांना आधी कळला, डोक्याला नंतर.

आमचा सगळा दिवसच अशा जोडशब्दांवर चालतो. सकाळी वॉर्म-अप, पुश-अप, पुल-अप. मग टर्नआउटची तपासणी. रविवारी आउटपास. रात्री लाइट्स आउट. परेडवर मात्र हुकूम हिंदीत: सावधान, विश्राम, लाइन तोड, विसर्जन. (‘विसर्जन’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हा मराठी मुलांना एकदम गणपती आठवला होता आणि त्या हसण्यापायी मैदानाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.) हे शब्द आम्हाला कोणी यादी करून दिले नाहीत, तरी त्यांत कोणाची चूक होत नाही. घोळ झालाच तर नव्या मुलांचा होतो. गेल्या उन्हाळ्यात सरावाच्या वेळी एक जण चक्कर येऊन पडला. कोणीतरी सरांना सांगितलं, ‘सर, ही हॅज पास्ड आउट.’ तेव्हा सहावीतला एक मुलगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, ‘एवढ्यात? आपल्याला तर सात वर्षं लागणार ना?’ त्याला पासिंग आउट परेड तेवढी माहीत होती. आम्ही त्याला महिनाभर चिडवलं. खरं तर त्याची चूक काहीच नव्हती.

हा त्रास नवा नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश छापला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातात ती क्रियापदामागे लागलेली ही छोटी अव्ययं, असं त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘फॉल इन’ही आहे, फक्त तिथे त्याचा अर्थ ‘मान्य करणे’. म्हणजे जॉन्सनच्या चाचणीतही मी नापास झालो असतो.

माझं म्हणणं असं की यादी पाठ करणं हा या शब्दांकडे जायचा चुकीचा रस्ता आहे. हे मला इंग्रजीच्या तासाला कळलं नाही, मराठी शिकवताना कळलं.

माझ्या शेजारच्या बेडवरचा मित्र केरळचा आहे. त्याला मराठी शिकायची हौस आहे. एकदा त्याने विचारलं, ‘लिही’ म्हणजे राइट, मग तुम्ही ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून काढ’, ‘लिहून टाक’ असं पाच प्रकारे का म्हणता? मी गप्प. जन्मापासून बोलतोय, पण सांगता येईना. शेवटी हातांनी दाखवलं. ‘घे’ म्हणताना हात स्वतःच्या छातीकडे आणला, ‘दे’ म्हणताना त्याच्याकडे नेला. ‘ठेव’ला हात टेबलावर टेकवला, नंतर लागेल म्हणून. ‘काढ’ला आतून काहीतरी उपसल्यासारखं केलं. ‘टाक’ला हात झटकला, संपलं एकदाचं! पाच मिनिटांत त्याला समजलं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो उरलेल्या पोळीकडे बोट दाखवून मला म्हणाला, ‘खाऊन टाक.’ अगदी बरोबर.

तेव्हा वाटलं, इंग्रजीतही हेच असणार. आपण क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद लावतो, ते दिशा लावतात. ‘ऑफ’ म्हणजे चिकटलेलं सुटणं, एवढं एक चित्र डोळ्यांपुढे ठेवा. विमान धावपट्टीवरून सुटतं ते टेक ऑफ आणि टोपी डोक्यावरून निघते तेही टेक ऑफ. वीज तुटते ते स्विच ऑफ. ‘आउट’ म्हणजे बाहेर जाऊन दिसेनासं होणं. आग विझवली की पुट आउट, पाणी संपलं की रन आउट. ‘अप’ला नेहमी वर जायचं नसतं, ते पुष्कळदा आपल्या ‘टाक’चं काम करतं: ईट अप, यूज अप, क्लीन अप. आपण खाऊन टाकतो, ते खाऊन वर नेतात. सगळं या चित्रांत बसत नाही हे खरं. ‘पुट अप विथ’ मी अजून कुठल्याच चित्रात बसवू शकलेलो नाही, ते पाठच करावं लागलं. पण चाळीसपैकी पंचवीस तरी बसतात.

आणि या छोट्या शब्दांचं वजन आपल्याला कळत नाही असंही नाही. घरोघरी आपण काय बोलतो पाहा. ‘फॅन ऑफ कर’, ‘मूड ऑफ आहे’, ‘बॅटरी डाउन झाली’, ‘मॅच ऑन आहे’, ‘तो आउट झाला’. इंग्रजीचं क्रियापद आपण गाळलं, शेपूट तेवढं ठेवलं आणि त्याला आपलं ‘कर’ किंवा ‘हो’ जोडलं. म्हणूनच इंग्रजी बोलताना आपल्या तोंडून ‘ऑफ द फॅन’ निघतं. गाळलेलं क्रियापद परत घालायचं राहून जातं.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, असा विचार दोन दिवस केला.

माझे बाबा सिग्नल्समध्ये नायब सुभेदार आहेत. सध्या पोस्टिंग जबलपूरला, सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये. (सिग्नल्सचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. मराठीत चौकस म्हणजे फार प्रश्न विचारणारा. आई म्हणते, घरात एक तीव्र आहे आणि एक चौकस.) हिवाळ्याच्या सुटीत एक मित्र आमच्याकडे दोन दिवस राहायला आला होता. त्याचे वडील कर्नल आहेत. रात्री बाबा खोलीत डोकावून त्याला म्हणाले, ‘बेटा, क्लोज द लाइट अँड स्लीप.’ मी लगेच म्हणालो, ‘बाबा, क्लोज नाही, स्विच ऑफ.’ मित्र हसला नाही, पण मी हसलो. बाबा ‘रॉजर’ म्हणाले आणि दिवा बंद करून गेले.

दुसऱ्या दिवशी मित्राला स्टेशनवर सोडून परत येताना बाबांनी विचारलं, ‘सिनेमातला हिरो वायरलेसवर ओव्हर अँड आउट म्हणतो, त्यात चूक काय ते सांग.’ मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, ‘ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तू बोल, मी ऐकतोय. आउट म्हणजे बोलणंच संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हटलं तर तू बोल, पण मी ऐकणार नाही, असं होतं. आउटच्या जागी ओव्हर गेलं तर पलीकडचा जवान सेटला कान लावून बसून राहतो.’ चिडले नव्हते. नव्या रिक्रूटला सांगावं तसं सांगत होते.

ज्यांच्या इंग्रजीला मी हसलो, त्यांनी असे दोन शब्द वीस वर्षं एकदाही न चुकता वापरले आहेत, तेही क्रियापदाशिवाय. यादी त्यांनी कधी पाहिलेलीच नाही. ‘सॉरी’ मी त्या दिवशी म्हणालो नाही. हे पान घरी जाईल तेव्हा ते वाचतील.

एक आक्षेप असा ऐकला आहे की फ्रेझल व्हर्ब्ज गावठी असतात, चांगल्या इंग्रजीत ‘पुट ऑफ’ नको, ‘पोस्टपोन’ लिहावं. अर्जात लिहा जरूर. पण फायरिंग रेंजवर कोणी ‘डिसेंड’ म्हणून ओरडत नाही, ‘गेट डाउन’च ओरडतो. कमी वेळात कळायला हवं तिथे हेच शब्द लागतात. ज्यांना पुढे माणसं घेऊन चालायचं आहे, त्यांना ते अर्जातल्या शब्दांच्या आधी यायला हवेत.

म्हणून इंग्रजीच्या सरांना एक विनंती आहे. पुढची यादी द्यायच्या आधी एक तास आम्हाला मैदानावर न्या. नोटीस बोर्डावर, स्टोअरमध्ये, मेसमध्ये असे जेवढे जोडशब्द सापडतील तेवढे आम्हीच जमवून आणतो आणि प्रत्येकाची दिशा हाताने करून दाखवतो. घरून आलेलेही चालतील. माझ्याकडचे दोन आत्ताच देतो: मार्च इन आणि मार्च आउट. सरकारी क्वार्टरमध्ये राहायला जाताना पंखे, दिवे, खिडक्यांच्या काचा मोजून घेणं ते मार्च इन, सोडताना मोजून परत देणं ते मार्च आउट. आमचं मार्च आउट येत्या एप्रिलमध्ये आहे. आईने आतापासूनच एक फुटकी काच बदलून घेतली आहे.

पुढची चाचणी सोमवारी आहे, ‘टेक’ची. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवडिलांसारखं असणं, असं यादीत दिलं आहे.