सायकल ट्रॅक कुणाचा?

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, हे आता नव्या माणसाला पटत नाही. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. चांगला जाडजूड आहे! पण ट्रॅक बांधणार महापालिका आणि त्यावर लावलेल्या गाडीवर कारवाई करणार वाहतूक पोलीस. मधल्यामध्ये ट्रॅकवर स्कूटर, टपरी, एखादी डीपी. शाळेला निघालेलं पोर मग मुकाट्याने खाली उतरून बसच्या चाकाशेजारून सायकल हाणतं. पी-१, पी-२ च्या पाटीखाली सम-विषम तारीख चुकली तर मात्र तुमची गाडी लगेच टेम्पोत! ही तत्परता ट्रॅकवर का नाही? नवे ट्रॅक राहू देत हो, आहेत ते मोकळे करा. सातारा रस्त्यापासूनच करा सुरुवात.