हजाराला ‘के’ कशाला ?

लोकांस न कळेल असें लिहावयाचें आणि मग लोकच अडाणी आहेत असा बोभाटा करावयाचा, ही या देशांतील फार जुनी रीत आहे. मराठेशाहीचीं मोडी दफ्तरें पाहा. त्यांतील कागदांवर सुहूर सनाचें वर्ष अरबी शब्दांनीं घालीत. पानिपत झालें तें इ. स. १७६०-६१ चें साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असें लिहीत. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. मृगाला सुरू होणारें हें साल शेतकऱ्याच्याच पेरणीचें. पण त्याचें नांव मात्र त्याला उमगूं नये! आपल्याच जमिनीच्या कागदावर कोणतें साल घातलें आहे, हें विचारण्यास त्याला कुळकर्ण्याच्या ओट्यावर जावें लागे, आणि तो सांगेल तें खरें मानून नांगराची निशाणी करावी लागे.

पुढें १९५० च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील कुळकर्णी वतनें गेलीं. पण अलफची जागा आतां ‘के’ नें घेतली आहे. मोबाईलवर ‘५०के पर्यंत झटपट कर्ज’ येतें. गांवच्या खेळांच्या फलकावर ‘२के२५’ असें साल झळकतें.

हा ‘के’ आला कोठून ? ग्रीक भाषेंतील हजारवाचक शब्दावरून फ्रेंचांनीं १७९५ सालीं आपल्या वजनमापांत ‘किलो’ घेतला. त्याचें हें आद्याक्षर. इ. स. २००० उजाडतांना, संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आंकडे ठेवल्यामुळें घोळ होईल अशी भीति होती. तिला ‘वाय-टू-के’ म्हणत. अशा रीतीनें तो सालांतही शिरला.

बरें, जाणत्यांचें तरी एकमत आहे काय ? संगणकाच्या स्मृतीच्या मापांत ‘के’ म्हणजे १०२४. विजेच्या यंत्रांतील खुणांप्रमाणें वाचूं गेल्यास २के२५ म्हणजे २२५० ! ‘एम्’ हें अक्षर रोमन आंकड्यांत हजार, हिशेबाच्या वह्यांत कोठें हजार तर कोठें दहा लाख. ‘एल्’ रोमनांत पन्नास, आमच्याकडे लाख. आणि २०२५ लिहिण्यास चार अक्षरें लागतात, २के२५ लाही चारच लागतात. मग वांचलें काय ?

बचत गटांतील एक बाई परवां मोबाईल घेऊन शाळेंत आल्या व म्हणाल्या, “गुरुजी, हे पंधरा के म्हणजे किती किलो ?” हंसणाऱ्यांनीं खुशाल हंसावें. वाण्याच्या दुकानांतील किलो आणि हा ‘के’ एकाच घरचे आहेत, तेव्हां बाईंचा तर्क मुळींच वेडगळ नव्हता. तो निरोप कर्जाचा होता. न विचारतां त्यांनीं बोट दाबलें असतें, तर पंधरा हजारांचें ओझें आणि वर व्याज त्यांच्या माथीं बसलें असतें. आणि दोष कोणाला? त्यांच्या अडाणीपणाला !

चेक व हुंड्यांचा १८८१ चा कायदा अजून चालू आहे. त्याच्या १८ व्या कलमांत असें आहे कीं, आंकडा व अक्षरें यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कम खरी धरावी. पेढीवाल्यांच्या पैशाला जें संरक्षण, तें मजुराच्या पैशाला कां नसावें ? जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळांसाठीं वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला, तो शोभेसाठीं नव्हे. कष्टकऱ्याला आपलें देणेंघेणें स्वतः ताडून पाहतां यावें म्हणून.

आम्ही नव्या खुणांचे वैरी नाहीं. संगणकवाल्यांनीं व वीजवाल्यांनीं आपापसांत ‘के’ खुशाल वापरावा. आम्हां शिक्षकांनीं तर तो मुलांस एक दिवस फळ्यावर लिहून शिकवावाच. जें अक्षर आपल्याला फसवूं शकतें तें आधीं ओळखावें. पण जो कर्ज देतो, मजुरी ठरवितो किंवा वर्गणी मागतो, त्यानें ‘१५,००० रुपये, अक्षरी पंधरा हजार’ असें स्वच्छ लिहावें. आणि बांधवहो, तसें लिहून मिळेपर्यंत तुम्हीं सही करूं नये, अंगठा देऊं नये, कीं मोबाईलवर बोटही दाबूं नये. पैसा ज्याचा जाणार, आंकडा त्याला वाचतां आला पाहिजे.