शिबं, कोड आणि मेडिकलमधली ट्यूब

मे महिन्याच्या घामाघूम दिवसांत आणि पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये मुंबई-कोकण पट्ट्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक ठरलेली तक्रार येते. छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट ठिपके. कुणाचे तपकिरी, कुणाचे गुलाबीसर. खाज जवळजवळ नसतेच. पण घरच्यांच्या मनात कोडाची धास्ती बसलेली असते. मुलीचं लग्न जमवायचं असेल, तर तो शब्द तोंडातून काढायचीही आईची हिंमत होत नाही. ती एवढंच विचारते, "डॉक्टर, ते तर नाही ना?"

ते नसतं. ही शिबं असतात.

मॅलॅसेझिया नावाची बुरशी जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगावर गुण्यागोविंदाने नांदत असते आणि त्वचेच्या तेलकटपणावर जगते. उकाडा, दमटपणा, घाम वाढला की एरवी गोल पेशींच्या रूपात असणारी हीच बुरशी तंतू धरते आणि त्वचेच्या अगदी वरच्या थरात पसरते. ती अ‍ॅझेलेइक आम्लासारखी द्रव्यं तयार करते, त्यांनी त्वचेचा रंग बनण्याची क्रिया मंदावते आणि डाग फिकट दिसू लागतो. डागावरून नख हलकेच फिरवलं तर पिठासारखा बारीक कोंडा सुटतो. कोडात असा कोंडा नसतो, आणि तिथला डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो. शिबं एकाची दुसऱ्याला लागत नाहीत, की अस्वच्छतेमुळेही होत नाहीत. त्यापायी कुणाचा टॉवेल वेगळा करायचं किंवा कुणाला पोहण्याच्या तलावावरून परत पाठवायचं काहीच कारण नाही.

या डागांमागे बुरशी आहे, हे आइखश्टेट या जर्मन डॉक्टरने १८४६ मध्येच दाखवलं. पावणेदोनशे वर्षं उलटली, तरी आपल्याकडे उपचाराची सुरुवात लिंबाच्या फोडीने नाहीतर खोबरेल तेलाने होते. तेलावरच जगणाऱ्या बुरशीला वरून आणखी तेल चोपडायचं! लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळी पडू शकते, ते निराळंच.

पण खरं नुकसान करते ती मेडिकलमधून आणलेली ट्यूब. "डागावर काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवरून बऱ्याचदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध यांची खिचडी असलेलं क्रीम पुढे येतं. स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. महिनोन्महिने चोळत राहिलं तर त्वचा पातळ होते, काखेत-मांडीत ताणाचे चट्टे उमटतात आणि ते कायमचे राहतात. निरुपद्रवी डागापायी आलेली ही विद्रूपता पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी क्रीम्स 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आहे, पण ट्यूब आजही मागितली की मिळते. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांच्या तपासणीत हे पाहायलाच हवं.

योग्य उपचार साधा आणि स्वस्त आहे. दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू ओल्या अंगाला मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांवर लावायचा, पाच मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. किती दिवस, ते डॉक्टर सांगतात. नुसत्या दिसणाऱ्या डागांवर लावून भागत नाही, आणि पाठीच्या मधोमध आपला हात पोहोचत नाही, तिथे घरातलं कुणीतरी लागतंच. किटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. यकृताला होणाऱ्या इजेमुळे अमेरिका आणि युरोपातल्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्येच त्यांच्याविरुद्ध पावलं उचलली.

बहुतेकांचा धीर सुटतो तो यानंतर. बुरशी मरते, कोंडा थांबतो, पण रंग परतायला काही महिने लागतात. 'औषध लागू पडलं नाही' असं समजून माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो. हे पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगणं, हा उपचाराचाच भाग मानायला हवा. शिबं पुन्हा येतात, हेही तेव्हाच सांगावं. ज्यांना दर उन्हाळ्यात त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून उकाड्याच्या महिन्यांत अधूनमधून तोच शाम्पू वापरावा, घामाचे कपडे लगेच बदलावेत, अंगाला तेल लावू नये आणि घट्ट सिंथेटिक टी-शर्टाऐवजी सैल सुती कपडे घालावेत.

एका डागाबाबत मात्र हयगय नको. फिकट चट्ट्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची तपासणी होते आणि औषधं मोफत मिळतात. कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशाताई घरोघर फिरून अंगावरचे डाग पाहतातच. त्याच भेटीत त्यांनी कोंडा सुटणारी शिबंही ओळखावीत आणि त्या घरात ट्यूब असेल तर तिच्यावरचं नाव वाचून दाखवावं, एवढं प्रशिक्षण राज्याच्या आरोग्य विभागाने त्यांना द्यावं. त्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.