अंड्याला लावलेलं तेल

ज्या घरात कांदा-बटाटा येत नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्या घरच्या माणसांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये अंड्यांना तेल लावायच्या बाजूनं हात वर करावा, हे मला पटत नाही. लेकीकडे न्यू जर्सीला दोनदा राहून आले. दोन्ही वेळा हा विषय निघाला आणि दोन्ही वेळा आपल्याच बायकांनी मला समजावलं, "काकू, फोडत नाहीत हो, नुसतं तेल लावतात."

इकडच्या मैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. कॅनडा गूज (आपल्या भाषेत गूज म्हणजे मनातली गोष्ट, इथं मात्र भलतंच) हा काळ्या मानेचा, गालावर पांढरा पट्टा असलेला मोठा रानहंस. तळ्याकाठी, ऑफिसच्या आवारात, पार्किंगमधल्या झुडपातसुद्धा मार्च-एप्रिलमध्ये घरटं करतो. मादी पाच-सहा अंड्यांवर सुमारे 28 दिवस बसते, नर जवळच पहारा देतो. कुणी फिरकलं की मान लांब करून, फुत्कारत, पंख उघडून अंगावर येतो. माझी लेक त्या दिवसांत छत्री पुढे धरून ऑफिसात शिरायची. भीती खरी आहे, घाणही खरी आहे. वाटेवर पाय ठेवायला जागा नसते.

आता तेल. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतल्या जीवाला हवा मिळते. मक्याचं तेल चोळलं की छिद्रं बुजतात आणि जीव आत गुदमरतो. अंडं उचलून नेलं तर मादी पुन्हा घालेल, म्हणून ते तिच्या पोटाखाली परत ठेवतात. ती बिचारी बसून राहते, कधीच पिलू न निघणाऱ्या अंड्यांवर. बाळंतपणं काढलेल्या बायका ही युक्ती सांगताना अडखळत नाहीत, याचं मला नवल वाटतं. पाण्यात टाकलेलं अंडं तरंगलं तर आतलं पिलू फार वाढलंय, त्याला तेल लावू नये, असा प्राणिदयावाल्यांचाच नियम आहे. म्हणजे आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याला तर पाठशाळेतच शिकवलं, अंडज हा गर्भजन्माचाच प्रकार. पंचेंद्रिय जीव.

कुणी शास्त्राचा आधार काढतं: ही विरोधी हिंसा, गृहस्थाला चालते. उलट आहे बायांनो! घरटं राखायला अंगावर येतो तो नर स्वतःचा बचाव करतोय. आपण मीटिंग बोलावतो, ठराव करतो, 1918 च्या कायद्यानं हे पक्षी संरक्षित म्हणून सरकारकडे रीतसर नोंदणी करतो, मग कंत्राटदार आणतो. इतकं ठरवून केलेलं ते संकल्पी. त्याची सूट श्रावकाला नाही.

"पण ही पाखरं उडून का जात नाहीत?" कारण माणसानंच त्यांना इथं बसवलं. पूर्वी शिकारी जिवंत गीज तळ्यात बांधून ठेवत, रानातले थवे भुलून खाली उतरावेत म्हणून. 1935 मध्ये त्यावर बंदी आली आणि पाळलेली पाखरं सोडून दिली गेली. पुढे सरकारी खात्यांनीही पैदास करून सोडली. गीज उत्तरेची वाट आईबापांमागून उडून शिकतात. इथं शिकवणारं कुणी नव्हतं. वर आपण त्यांच्यापुढे ताट वाढलं. कातरलेली कोवळी हिरवळ, शेजारी तळं, लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा. हौस आपली आणि दोष पाखराचा.

रविवारी ब्रेडच्या पिशव्या घेऊन तळ्यावर जाणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. पुण्य मिळतं म्हणे! पाव हे त्यांचं अन्नच नव्हे. फुकटच्या पावानं पाखरं तिथंच थांबतात, माणसाला भीत नाहीत, लहान पोरांच्या हातातलं ओढायला लागतात. आणि वसंतात ती धीट झाल्याची तक्रार करायला हीच मंडळी पुढे.

आमच्या बेळगावकडे टिटवी नांगरलेल्या रानात उघड्यावर अंडी घालते आणि डोक्यावर घिरट्या घालून, ओरडून माणसाला हैराण करते. माझे सासरे तेवढा तुकडा सोडून औत वळवायचे. घरी येऊन त्याबद्दल बोलतही नसत.

तिथंही वळवता येतं. तळ्याकाठचं गवत गुडघ्यापर्यंत वाढू द्या, काठाला झुडपं लावा. जिथून पुढचं दिसत नाही तिथं गीज उतरायला कचरतात. हुसकावायचं तर घरटं बांधायच्या आधी हुसकावा, त्यासाठी शिकवलेले कुत्रे मिळतात. आणि घरटं झालंच तर दोरी बांधा, महिनाभर दुसरं दार वापरा. पिलं निघाली की एक-दोन दिवसांत आई त्यांना पाण्याकडे घेऊन जाते. लेकीच्या ऑफिसनं गेल्या वर्षी हेच केलं. पुढचं दार बंद, मागचं उघडं. लोक आठवडाभर कुरकुरले, मग मागच्या दारानं जायला लागले.