डीजे शिकू पाहणाऱ्या साक्रीच्या पोरांना

लग्नसराई ओसरली की साक्रीत, पिंपळनेरला, दहिवेलला डीजे व्हायचं मनात घेतलेली पोरं एकच गोष्ट विचारतात : तबकड्यांचं टर्नटेबल घेऊ, की लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर? माझं उत्तर ठाम आहे. कंट्रोलर घ्या, पण त्यावर शिका मात्र तबकडीवाल्यांच्या रीतीनं.

टर्नटेबलबद्दल मला आदर आहे. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ साली आलं आणि त्याच्या १९७९च्या सुधारित मॉडेलवर जगभरातले डीजे घडले. पण आपल्याकडे त्यावर वाजवणार काय? आजची अहिराणी गाणी यूट्यूबवर येतात आणि पेन ड्राइव्हमधून गावोगाव फिरतात. शिवाय आपली वरात टेम्पोमागे चालते. चाक खड्ड्यात गेलं की सुई उडते. शेजारच्या बेसचा हादरा सुईत शिरतो, स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा सुईत येतो आणि नुसता घूं-घूं आवाज सुरू होतो. नवी जोडी आणि मिक्सर घ्यायचा तर खर्च लाखांत जातो. शिकण्यापुरता चांगला कंट्रोलर तीसेक हजारांत मिळतो. यूएसबीवर चालणारा घेतलात तर वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर सराव थांबत नाही. सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजायचीही गरज नाही; इंग्रजी नावाच्या शेवटी तीन एक्स असलेलं ‘मिक्स’ मोफत आहे.

खरा धोका आहे तो सिंकच्या बटणात. ते दाबलं की दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, जमलं. ठरावीक वेगाच्या मशीनच्या ठोक्यावर ते जमतंही. पण संबळ, ढोल किंवा बँडवाल्यांनी हातानं वाजवलेली लय जराशी पुढेमागे होतच असते. तिथं सॉफ्टवेअरनं आखलेल्या खुणा चुकतात, गाणी एकमेकांवर आदळतात आणि नाचणाऱ्यांचे पाय थबकतात. म्हणून पहिले काही महिने सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लावा. पडद्यावर दिसणाऱ्या लहरी झाका. एका कानाला हेडफोन, दुसरा मोकळा ठेवा. पुढच्या गाण्याची पहिली थाप नेमकी ठेक्यावर सोडा आणि घसरतंय असं वाटलं की टेम्पोची पट्टी हलकेच सरकवा. टर्नटेबलवर शिकणाऱ्यांना दुसरा मार्गच नव्हता, म्हणून त्यांचे कान तयार झाले.

आणखी एक. मिक्सरवरचा लाल दिवा पेटू देऊ नका. डिजिटल आवाज मर्यादेबाहेर गेला की एकदम फाटतो आणि टॉपचे ड्रायव्हर जळू शकतात. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवायला कायद्यानं बंदी आहे, हेही पहिल्या दिवसापासून पाळा.

टॉप-बेससाठी एवढ्यात कर्ज काढू नका. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मांडव नसतात. हे चार महिने रोज तासभर सरावाला द्या. मग पहिल्या सुपारीला गावातल्या एखाद्या जाणत्या डीजेवाल्याच्या हाताखाली उभे राहा.